पंखा कोणी सुरू केला?

१

ज्ञानदेवचा मृतदेह मंगळवारी सकाळी चिखलीजवळ इंद्रायणीच्या पात्रात सापडला. त्याआधीच्या रविवारी तो 'जनदंड' वाहिनीच्या 'रंगेहाथ' या कार्यक्रमात दिसला होता. चेहरा ब्लर केलेला होता, पण अंगात कंपनीचा शर्ट होता, राखाडी, खांद्यावर नारिंगी पट्टी. चाकणच्या पट्ट्यात शर्टावरून कंपनी कळते आणि सुट्टीच्या दिवशीही माणसं तोच शर्ट घालतात, कारण तो फुकट मिळतो आणि लवकर फाटत नाही. त्या कंपनीत डावा पाय ओढत चालणारा इलेक्ट्रिशियन एकच होता. कार्यक्रम संपायच्या आत त्याचं नाव कंपनीच्या, सोसायटीच्या आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचलं. सोमवारी लोकांनी त्याला कंपनीच्या बसमधून खाली ओढून मारहाण केली. त्या संध्याकाळी तो घरी परतला नाही.

'रंगेहाथ'ची पद्धत ठरलेली होती. दीक्षा नावाची एक तरुणी इंटरनेटवर तेरा वर्षांची मुलगी बनून बसायची. मोठी माणसं तिच्याशी बोलायची, भेटायचं म्हणायची. त्यांना रावेतच्या एका भाड्याच्या फ्लॅटवर बोलावलं जायचं आणि आतल्या खोलीतून स्वानंद हा निवेदक माइक घेऊन बाहेर यायचा. माणसं खरोखर यायची. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की असली माणसं नसतातच.

आवाज आणि चित्रफिती तपासणाऱ्या आमच्या लॅबकडे हे प्रकरण गुन्हा शोधायला आलं नव्हतं. ज्ञानदेवच्या बायकोने वाहिनीविरुद्ध तक्रार केली होती, आणि चित्रफितीत कसलाही फेरफार नाही असा दाखला वाहिनीला हवा होता.

"एक पान लिही," सदाशिव सर म्हणाले. लॅब त्यांची. "चित्रफीत अखंड आहे, बस."

"नसली तर, सर?"

"तर आधी मला येऊन सांग. कागदावर काही नको."

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि नोकरी मिळाली ती आवाज तपासण्याची. हेडफोन लावला.

गुरुवारची दुपार. ज्ञानदेव दारात येतो. बेल दाबतो. थांबतो. मग कडी वाजवतो. आतून मुलीचा आवाज येतो, "या ना काका, आत या. आई नाहीये घरी." तो काहीतरी बोलतो. त्यावर लांब बीप, मधेच 'बाळ' एवढा एकच शब्द, पुन्हा बीप. पडद्यावर पाटी, 'अश्लील शब्द वगळले आहेत'. दार उघडतं. त्याच्या हातात रंगहीन पाण्यासारखं काहीतरी भरलेली बाटली आणि रबरी फुग्याची काचेची नळी. नळीभोवती लाल वर्तुळ आणि खाली अक्षरं, 'इंजेक्शन?'

स्वानंद झडप घालतो. ज्ञानदेव म्हणतो, "मी इन्व्हर्टर बघायला आलोय."

"सगळे काहीतरी बघायलाच येतात!" स्वानंद ओरडतो.

मग जाहिरात. आणि शेवटी त्याच दिवाणखान्यात उभा राहून स्वानंद प्रेक्षकांना सांगतो, "तो म्हणतो, इन्व्हर्टर बिघडला होता. आज गुरुवार. सगळ्या भागात वीज बंद आहे आणि माझ्या डोक्यावर हा बघा, पंखा फिरतोय. मग बिघडलं काय होतं? नियत!"

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी असते आणि वीजवाले दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे हा युक्तिवाद सगळ्यांना पटला. माझ्या आईने तर टाळी वाजवली होती.

घराच्या भिंतींतल्या तारांमध्ये वीज असली की एक बारीक, एकसुरी गुणगुण असते. कानाला ती जाणवत नाही, पण माइक तिला सोडत नाही. ज्ञानदेव बोलतो तेव्हा ती गुणगुण नव्हती. बरोबर आहे, वीज नव्हती.

"या ना काका," या शब्दांखाली मात्र ती स्पष्ट होती.

ज्या क्षणी आख्ख्या रावेतमध्ये वीज नव्हती, त्याच क्षणी ती मुलगी वीज असलेल्या घरातून बोलत होती.

२

'जनदंड'चं ऑफिस चिंचवडमध्ये एका मिठाईच्या दुकानाच्या वर आहे. स्वानंदने मला बसायलाही सांगितलं नाही.

"दाखला आणलाय?"

"दोन-तीन प्रश्न आहेत."

"प्रश्न विचारायचं काम आमचं आहे, मॅडम. तुम्ही मशीन लावा, सही करा."

कार्यक्रमाची निर्माती नीलिमा टेबलापलीकडे होती. चाळिशीच्या आसपास, आवाज कधीच न चढवणारी. एडिटिंगही तीच करायची. "विचारू दे," ती म्हणाली. "विचारून समाधान होत असेल तर."

"दारामागून बोलली ती दीक्षा का?"

दीक्षा कोपऱ्यात उभी होती. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, किरकोळ अंगाची. तिने तोंड उघडायच्या आत नीलिमा म्हणाली, "तीच. नेहमी तीच असते."

"दीक्षा, तू सांगशील?"

"मीच," दीक्षा म्हणाली. नजर नीलिमाकडे.

"मूळ रेकॉर्डिंग बघायला मिळेल?"

"डिलीट झालं," नीलिमा म्हणाली. "कार्ड पुन्हा वापरतो आम्ही. छोटी वाहिनी आहे."

"स्वानंद, ज्ञानदेव पकडला गेल्यावर पुढे काय झालं?"

"मी खाली गेलो, सोसायटीचं गेट बंद करून घ्यायला. असली माणसं पळतात. तिथे सोसायटीवाल्यांनी तासभर हुज्जत घातली, वर आलो तोवर हा मागच्या जिन्याने पसार. हिनेच सांगितलं." त्याने हनुवटीने नीलिमा दाखवली. "मग शेवटचं निवेदन केलं आणि निघालो. आणि काय हो, त्या माणसाची एवढी कीव येत असेल तर त्याचे मेसेज वाचा आधी. तेरा वर्षांच्या पोरीला काय काय लिहिलंय ते वाचा. जेवण जाणार नाही."

"ते मेसेज त्याच्याच नंबरवरून आलेत?"

"इंटरनेटवर स्वतःच्या नावाने कोण येतं?" नीलिमा शांतपणे म्हणाली. "गुरुवारी दुपारी येतो म्हणाला. गुरुवारी दुपारी आला."

"मला तर त्याचं थोबाड दाखवायचं होतं," स्वानंद म्हणाला. "आजवर एकाचंही झाकलं नाही. हाच कोण लागून गेला?"

"वकिलांचा सल्ला होता," नीलिमा म्हणाली. "झालं तुमचं?"

मी जिन्याने उतरत होते. दीक्षा मागून धावत आली, दोन पायऱ्या वर थांबली.

"ताई, आवाजावरून कळतं का, माणूस कुठे बसून बोलला ते?"

"कळतं."

तिचा चेहरा उतरला. वरून नीलिमाची हाक आली, "दीक्षा!" आणि ती परत पळाली.

३

चिखलीत ज्ञानदेवच्या घराच्या दाराला कोणीतरी काळं फासलं होतं. उंबऱ्यात एक पंचविशीचा मुलगा आडवा उभा होता. सुरज, ज्ञानदेवच्या भावाचा मुलगा, त्याच कंपनीत कामाला.

"चॅनेलवाली का?"

"लॅबमधून आलेय."

"पगार कोण देतं?"

आतून आवाज आला, "येऊ दे तिला. बघू तरी कसली असत्यात ही माणसं."

हर्षाली भिंतीला टेकून बसली होती. तिच्या शेजारी सासू, तानाबाई. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागे एक मुलगी होती, हे तिच्या दप्तरावरून कळत होतं. ते बाहेरच पडलं होतं.

"शाळेतून निरोप आलाय," माझी नजर बघून हर्षाली म्हणाली. "थोडे दिवस पाठवू नका. थोडे म्हणजे किती, ते लिहिलं नाही. मातीला भावकीतला एक माणूस आला नाही. चौघं हवी होती, तर यांच्या कंपनीतले दोन बिहारी आले."

"भावकीतल्या थोरल्या धर्माजी तात्यानं सांगितलं," तानाबाई म्हणाल्या, "त्याचं नाव आमच्यात घेयाचं न्हाई. माज्या लेकाचं नाव. ही पोर उद्या कुणाची म्हनून सांगायची?"

"मला फक्त एवढंच सांगा, ते तिथे का गेले होते?"

"कितीदा सांगू!" हर्षाली उसळली. "पोलिसांना सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं. गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा ते इन्व्हर्टरची कामं घेतात. त्या सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला, सोनबाचा. चौथ्या मजल्यावर इन्व्हर्टर बंद पडलाय म्हणाला. बाटलीत बॅटरीचं पाणी होतं. पोलिसांनी तपासलं, पाणीच निघालं, तर चॅनेल म्हणतं बाटली बदलली. अन् ते इंजेक्शन!" ती उठली, फळीवरून तसलीच काचेची नळी काढून माझ्यापुढे धरली. "हायड्रोमीटर आहे हा. बॅटरीतलं पाणी मोजायचा. आतली तरंगती कांडी तरी दिसते का तुमच्या लॅबला? त्यांच्या हातातला तिथल्या ढकलाढकलीत फुटला."

"संध्याकाळी घरी आल्यावर काय म्हणाले?"

"हसत होते." तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "म्हणाले, टीव्हीवाल्यांनी मला चोर समजून धरलं. तिथल्या बाईनं माफी मागितली, चहा दिला. वायरच्या तोंडाला पांढरा क्षार धरला होता, तो साफ केला, पाणी घातलं अन् चालू करून दिला. मी म्हटलं, एवढं झाल्यावर कशाला हात लावायचा? तर म्हणाले, उकडत होतं बिचाऱ्यांना."

तिने हायड्रोमीटर परत फळीवर ठेवला.

"लोकांना तो पंखा दाखवून खोटं पाडलं त्यांना," हर्षाली म्हणाली. "तो पंखा माझ्या नवऱ्यानं सुरू केला, बाई. लिहाल का तुमच्या कागदात? नाही ना? मग उठा."

सुरजने दार पूर्ण उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

४

बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणारच. तिचं म्हणणं पुरावा नव्हे. पण ते तपासता येण्यासारखं होतं.

सोनबा गेटवरच्या खुर्चीत बसला होता. माणूस मराठवाड्यातला, नोकरीत नवा.

"म्या कुणाला बी फोन केला नाई," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला. "पोलिसाला बी तेच सांगितलं. मला ह्यात ओढू नका. खोली सोसायटीचीच हाय. आज काढलं तर लेकरं घेऊन कुठं जाऊ?"

"फोनचं विचारत नाही. गुरुवारी वीज कधी आली एवढंच सांगा."

तो जरा सैलावला. "दर गुरुवारासारखी. सांजच्याला."

"टीव्हीवाल्यांची गाडी तोवर गेली होती?"

"कवाच. ते गेले, मग लई येळानं लाईट आली. मीच मोटार चालू केली ना पाण्याची." आणि मग काहीतरी चुकून बोलून गेल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्यात काय हाय?"

"काही नाही," मी म्हटलं.

लॅबमध्ये येऊन मी स्वानंदचं शेवटचं निवेदन लावलं. डोक्यावर पंखा फिरत होता. मी चित्र बंद केलं आणि फक्त ऐकलं. स्वानंदच्या आवाजाखाली काहीतरी होतं, पण ती बाहेरून येणाऱ्या विजेची बारीक गुणगुण नव्हती. खरखरीत, घोगरी घरघर होती. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर पंखा लावला की तो कण्हतो, घरोघरी ऐकू येतो, तोच आवाज.

मग मी पुन्हा सुरुवातीला गेले. ज्ञानदेव दारात उभा. तो बेल दाबतो. मी आवाज होता तेवढा वाढवला.

बेल वाजलीच नव्हती.

५

सदाशिव सरांना मी आधी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी येतो बरोबर," एवढंच म्हणाले. त्यांच्या मनात मला आवरायचं होतं की आणखी काही, ते तेव्हा कळलं नाही.

'जनदंड'च्या ऑफिसात तिघंही होती.

"तुमच्या चित्रफितीत तीन वेगळे आवाज आहेत," मी म्हटलं. "माणसांचे नव्हेत. घरांचे."

"आली शास्त्रज्ञ," स्वानंद म्हणाला.

"ज्ञानदेव दारात येतो तेव्हा विजेचा आवाज नाही. इन्व्हर्टरचाही नाही. इन्व्हर्टर चालू असता तर निदान बेल वाजली असती. त्याने बेल दाबली, ती वाजली नाही, म्हणून त्याने कडी वाजवली. त्या वेळी घरात काहीच चालत नव्हतं."

"पंखा चालू होता! आख्ख्या महाराष्ट्राने बघितला!"

"तुमच्या निवेदनात. तेव्हा तुमच्या आवाजाखाली इन्व्हर्टरची घरघर आहे. बाहेरची वीज तुमची गाडी गेल्यावर आली. म्हणजे तो दारात आला तेव्हा इन्व्हर्टर बंद होता, आणि तुम्ही निवेदन केलं तेव्हा चालू होता. मधल्या वेळात कोणीतरी तो दुरुस्त केला. तुम्हाला येतो दुरुस्त करता?"

स्वानंदने वर, ऑफिसच्या पंख्याकडे पाहिलं.

"तिसरा आवाज दीक्षाचा. 'आई नाहीये घरी.' तो वीज असलेल्या जागेत रेकॉर्ड झालाय. तो त्या दिवशीचा, त्या घरातला नाही. नंतर जोडलाय."

"शुक्रवारी," दीक्षा म्हणाली. "ह्याच खोलीत. मला सांगितलं होतं, पुढच्या भागासाठी नमुना हवाय."

"दीक्षा, तू बाहेर जा," नीलिमा म्हणाली.

दीक्षा जागची हलली नाही.

स्वानंद हळूच नीलिमाकडे वळला. "तू म्हणालीस, तो पळाला. पंखा शूटिंगसाठी मुद्दाम बंद ठेवला होता म्हणालीस."

"मला आधी तुमचाच संशय होता," मी त्याला म्हटलं. "सर्वांत मोठा आवाज तुमचा आहे. पण तुम्ही चेहरा दाखवायला निघाला होतात. या कार्यक्रमाने आजवर एकही चेहरा झाकला नाही, कारण समोरचा माणूस गुन्हेगार आहे याची तुम्हाला खात्री असते. ह्या एकाचाच चेहरा झाकला. ज्याने झाकला, त्याला तो गुन्हेगार नाही हे ठाऊक होतं. एडिटिंग कोण करतं?"

खाली मिठाईच्या दुकानात कोणीतरी पेढ्याच्या भावावरून भांडत होतं.

"चेहरा झाकला होता मी," नीलिमा म्हणाली. "अजून काय करायचं होतं?"

"शर्ट," मी म्हटलं.

"शर्टाचं काय?"

तिला खरंच माहीत नव्हतं. ती पुण्यातून रोज कारने यायची, कारने जायची. तिच्या दृष्टीने तो एक राखाडी शर्ट होता.

"त्या गुरुवारी ज्याची वाट बघत होतो तो आलाच नाही," ती म्हणाली. बचाव करावा तशी नव्हे, कामाचा हिशेब सांगावा तशी. "जाहिरात सुरू झालेली होती. रविवारी दाखवायला काहीतरी हवं होतं. एक झाकलेला चेहरा, ना नाव, ना गाव. कोणाला कळणार होतं? लोक घाबरले असते, पोरींच्या आया सावध झाल्या असत्या. कार्यक्रम त्यासाठीच आहे."

"आणि मेला तो?"

"मी मारलं नाही त्याला. बसमधून मी ओढलं नाही." आता पहिल्यांदा तिच्या आवाजाला धार आली. "तुम्ही मोठ्या खऱ्याच्या बाजूच्या ना? मग ऐका. दापोडीचा तो शिकवणीवाला आठवतो, आमच्या कार्यक्रमात धरलेला? तो खरा होता. चार भिंतींआड काय चाललं होतं ते आम्ही बाहेर काढलं, पोलिसांनी नाही. उद्या त्याचा वकील तुमचं हे पान घेऊन उभा राहील. म्हणेल, हे लोक आवाज चिकटवतात. तो सुटला की त्याच्या गल्लीत पहारा द्यायला तुम्ही जाणार आहात? तुमचं ते यंत्र घेऊन?"



"गुरुवारी जो आला नाही," मी विचारलं, "त्याचे मेसेज, त्याचा नंबर पोलिसांना दिलात?"



"नाही दिला," दीक्षा म्हणाली. "कसा देणार? तो ज्ञानदेव नव्हता, हे सांगावं लागलं असतं. त्याने त्याच दिवशी लिहिलं होतं, दारात गडबड दिसली म्हणून परत गेलो. त्याच्या पुढचं मला उत्तर देऊ दिलं नाही."

स्वानंद खुर्चीत बसला. ज्याला पकडण्यासाठी हे सगळं उभं केलं होतं, त्याला यांनी स्वतःच्या हाताने झाकून ठेवलं होतं. त्याचा चेहरा नव्हे, आख्खा माणूस.

दीक्षाने पर्समधून एक छोटं कार्ड काढलं. "माझ्या कॉलरच्या माइकचं वेगळं रेकॉर्डिंग असतं. पुसायला सांगितलं होतं." तिने ते मला दिलं नाही, सदाशिव सरांपुढे टेबलावर ठेवलं. "बीपच्या खाली काय आहे ते ऐका."

सरांनी ते स्वतः लॅपटॉपला लावलं.

कडी वाजली. दीक्षाचा आवाज आला, कोण? मग ज्ञानदेव, थोडा दम लागलेला.

"इन्व्हर्टर बघायला आलोय. एकटीच हायस का? बाळ, घरात मोठं मानूस असंल तर बोलव. तवर मी हितंच भाईर थांबतो."

अश्लील म्हणून झाकलेले शब्द एवढेच होते.

"मधुवंती," सर उभे राहत म्हणाले, "रिपोर्ट कागदावर दे. जितकी पानं लागतील तितकी."

६

नीलिमाचं म्हणणं खरं ठरलं, ते आधी सांगते. तिच्या अटकेची बातमी आली आणि काही दिवसांतच दापोडीच्या शिकवणीवाल्याला जामीन मिळाला. वकिलाने माझा रिपोर्ट वाचून दाखवला. त्या गल्लीतल्या एका बाईने लॅबचा नंबर शोधून मला फोन केला आणि तिचा दम संपेपर्यंत शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या. गुरुवारी जो आत आला नव्हता, त्याचा नंबर तोवर बंद झाला होता. तो माणूस अजून सापडलेला नाही.

हर्षालीचा निरोप आला की गावी ये आणि तो कागद भावकीपुढे वाच. चाकणच्या पलीकडे देवळाच्या मंडपात सगळे बसले होते. मी मराठीत, साध्या शब्दांत वाचलं आणि शेवटी ज्ञानदेवचा आवाज लावला. तानाबाईंनी पदर तोंडात धरला. मुलगी आजीला चिकटून बसली होती, ताठ, सगळ्यांकडे एकेक करून बघत.

धर्माजी तात्या उठले. पांढरा फेटा, मोठा आवाज. "चुकलं आमचं," ते म्हणाले. "मानूस सोन्यासारखा व्हता. त्याचं नाव आजपासून ह्या मंडपात घेतलं जाईल. पोरीकडं कुनी वाकडं बघितलं तर गाठ माज्याशी हाय."

माना हलल्या. हर्षालीने डोळे मिटले. एवढ्याचसाठी ती इतके दिवस उभी होती.

"आनि आता," तात्या म्हणाले, "त्या आवाज काढनाऱ्या पोरीचा हिशेब."

बाहेर टेम्पो उभा होता, हे मला तेव्हा दिसलं. पोरं आधीच त्यात चढली होती. फोनवर दीक्षाचा फोटो फिरत होता, खाली पत्ता आणि 'हीच ती'. तिने स्वतःहून पुरावा दिला, हे त्या मेसेजमध्ये नव्हतं.

"कार्ड तिनेच दिलं," मी म्हटलं. "रिपोर्टमध्ये लिहिलंय, आत्ता वाचलं मी."

"तुमी शिकलेली मानसं तुमचं लिवा," तात्या म्हणाले. "आमी आमचं बघतो. ज्ञानदेवाच्या नावानं जातोय."

हर्षाली उठली. मंडपातून चालत सरळ टेम्पोपाशी गेली. चालकाच्या जागेवर सुरज होता.

"उतर."

"काकी, तू बाजूला हो. काकाचा बदला हाय."

"सोमवारी त्या बसमध्ये तू होतास," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मागची कुजबूज थांबली. "मागच्या शिटावर. काकाला ओढत होते तेव्हा तू काय केलंस?"

सुरजचे कान लाल झाले. "एकटा काय करनार व्हतो? सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं व्हतं."

"आज तू फोनवर बघितलंस."

"हर्षाली," तात्या मागून म्हणाले, "बाईमानसानं मधी पडू नये."

"मधी मीच आहे, तात्या. तुम्ही कोणी नव्हता." ती वळली नाही. "जायचं तर जा. पण माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन कोणाच्या दारात गेलात, तर हा कागद मी परत घेऊन जाईन अन् सांगीन, त्यांना भावकी नव्हतीच."

टेम्पोतून कोणी उतरलं नाही. सुरजने थोड्या वेळाने इंजिन बंद केलं, चावी काढली. हर्षालीने हात पुढे केला होता. चावी त्याने तिला दिली नाही, स्वतःच्या खिशात टाकली, आणि दोघं एकमेकांकडे बघत तिथेच राहिली.